खालची बांधी

माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा माझे होणारे सासरे डोमाजी पटेल गोंदियाजवळच्या फुलचूरला आमच्या घरी आले. सपरीत, म्हणजे ओसरीत, पाणी पिऊन होताच ते माझ्या वडिलांना म्हणाले, "पावने, पोरगा कामाचा आहे, पन रागीट आहे. जेवताना कोनी वाकडं बोललं का ताट सोडून उठते. दोन दोन दिस बोलत नाही. पाहून घ्या बाप्पा. मंग म्हनान का सांगतलं नाही."

सोबत आलेले त्यांचे भाऊबंद एकमेकांकडे पाहू लागले. वडिलांना आधी ही थट्टा वाटली. मग त्यांनी जरा चाचपत विचारलं, "आनखी काही?"

"आनखी म्हनजे म्हैस आटली आहे आमची. सध्या घरी दूध कमी आहे."

वडील आत आले आणि आईला म्हणाले, पोरगी इथंच द्यायची. जो माणूस स्वतःच्या पोराबद्दल असं बोलतो, तो उद्या आपल्या पोरीबद्दल खोटं बोलणार नाही. अशी मी त्या घरात आले. त्यांनी पोराबद्दल सांगितलं होतं ते अगदी खरं होतं, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं.

सासऱ्यांना आम्ही सुना मामाजी म्हणत असू. आमचं गाव गोरेगावपासून कोसभर, एका मोठ्या बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, काठाला. मालगुजार गोंदियाला राहायचे आणि पीक आलं की तेवढे यायचे. गावचा कारभार मामाजींच्या अंगावर, कारण ते मुकद्दम. बोडीचं पाणी कोणाच्या बांधीला, बांध घातलेल्या धानाच्या शेताला, आधी सोडायचं इथपासून भावाभावांच्या भांडणापर्यंत सगळं त्यांच्याकडे यायचं. घरात आमची पोवारी बोली, गावात झाडी बोली, साहेब लोकांशी हिंदी. मी लिहिते आहे ती शाळेत चार बुकं शिकले ती मराठी.

मामाजी उंच, काटक. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. पहाटे उठले की आधी कोठ्यात जायचे आणि प्रत्येक बैलाच्या, गायीच्या नाकावर तळवा ठेवून पाहायचे. नाक ओलं असलं की पुढे. मग बोडीची पार, तिचा मातीचा बांध, मग शेत, मग गावातून एक फेरी. जेवायला बसले तरी अर्ध्या भातावरून उठायचे. "पानी पाहून येतो," म्हणायचे आणि जायचे. माझी सासू, तिला आम्ही आत्याबाई म्हणत असू, त्या ताटावर दुसरं ताट पालथं घालून ठेवायची. सपरीत त्यांच्यासाठी एक खाट होती. तिच्यावर आल्यागेल्या सगळ्यांनी बसावं, मामाजींनी नाही. ते एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत फिरत बोलायचे आणि तक्रार घेऊन आलेल्यांच्या माना त्यांच्या मागेमागे फिरायच्या. कोणी "बसा ना पटेल" म्हटलं तर म्हणायचे, "बसलो का डोस्क्यात मुंग्या येतेत."

त्यांच्या खरेपणाची लोकांना सवय होती, तरी तो दर वेळी बोचायचा. एका शेजाऱ्याचा बाप वारला. तेराव्याला सगळे म्हाताऱ्याचं भलं भलं बोलत होते. मामाजी म्हणाले, "मानूस चांगला होता. पन मागून नेलेली कुऱ्हाड कधी परत आनून दिली नाही त्यानं." पोराचं तोंड पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरानं बापाच्या खोलीतून शोधून गावातल्या तीन घरच्या कुऱ्हाडी परत नेऊन दिल्या. आत्याबाई रागावली तेव्हा मामाजी म्हणाले, "बोललं म्हनजे पेरलं. उगवलं का मंग कापा लागते." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्यांच्याच अंगावर ते कसं आलं, ती गोष्ट मला सांगायची आहे.

दुसरी लढाई लागायच्या दोन-तीन वर्षं आधीचा तो उन्हाळा. ढोरांची माता आली. शहरातले लोक तिला बुळकांडी म्हणतात. जनावराच्या डोळ्यांतून पाणी गळायचं, तोंडात फोड यायचे, लाळ सुटायची, मग हागवण लागायची आणि आठवडाभरात दावणीला उभं असलेलं जनावर आडवं पडायचं. आधी बातम्याच यायच्या, आज या गावी, काल त्या गावी. वारा त्या बाजूनं आला की वास यायचा. गावातले लोक दिवसभर काही ना काही करत राहायचे, कारण हात रिकामा राहिला की मन कोठ्याकडे धावायचं.

गावानं मातेची पूजा केली. मामाजींनीही नारळ फोडला. देवळातून निघताना ते लोकांना म्हणाले, "मातेले नारळ दिलं. आता शिवेवर मानसं बसवा. बाहेरचं खुराचं जनावर आत नाही येनार. मालगुजाराचं असलं तरी नाही."

आणि पहिली बैलबंडी अडली ती आमच्याच घरची. माझी नणंद सुगंधा बाळंतपणाला माहेरी यायला निघाली होती. तिच्या सासरच्या गावी माता आधीच पोचली होती. दिवस भरत आलेले, म्हणून त्यांनी तिला घाईनं बंडीत घालून धाडलं. शिवेवरच्या पोरांनी पटेलाची लेक पाहून वाट मोकळी केली. तेवढ्यात मामाजी तिथं पोचले.

"बैल सोडा," ते म्हणाले.

बंडीवाला म्हणाला, "पटेल, बाई जडावली आहे. चालनार कशी?"

"चालनार नाही ती. बैल सोडून तू वापस ने."

बैल सुटले, परत गेले. मामाजींनी चाकांना चुन्याचं पाणी घालून घेतलं, मग पागोटं काढून खांद्यावर घडी करून ठेवलं आणि जू उचललं. दुसऱ्या बाजूला माझ्या नवऱ्याला लावलं. सुगंधा आत रडत होती. "बाबा, लोकं पाहून राहिले," म्हणाली.

"पाहू दे. आज माझ्या लेकीचे बैल आत गेले तर उद्या समद्यायचे जातीन."

त्या दोघांनी ती बंडी शिवेपासून घरापर्यंत ओढत आणली. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मामाजींच्या खांद्याचं कातडं सोललं होतं आणि माझ्या नवऱ्याचं तोंड लाल झालं होतं. ते कामानं की लाजेनं, मी विचारलं नाही. सुगंधाला त्याच आठवड्यात मुलगी झाली.

तरी माता शिवेवर थांबेना. बोडीच्या पलीकडच्या काठाला दुसऱ्या गावची ढोरं पाणी प्यायची. एका सकाळी आमच्याकडच्या एका घरचा बैल लाळ गाळताना दिसला. मामाजी दिवसभर फिरले. संध्याकाळी त्यांनी लहानूला बोलावलं.

लहानू गोवारी गावाचा गायकी होता. सकाळी सगळ्या गावची ढोरं आखरावर जमवायची, रानात न्यायची, सांजेला परत आणायची, हे त्याच्या बापाचं काम तोच करत होता. अंगानं वाळका, बोलायला सावकाश. बोलताना माणसाकडे पाहायचा नाही, ढोरांकडे पाहायचा. धान्याच्या बदल्यात कधी कोणी त्याला कालवड दिली, तिच्या पुढे गायी झाल्या. तेवढं त्याचं धन. एक वीत जमीन त्याच्या नावावर नव्हती आणि त्याला हवीही नव्हती.

मामाजी म्हणाले, "लहानू, चांगले आहेत तेवढे बैल आन हेले घेऊन चिचगडकडं जंगलात जाय. दोन मानसं संग देतो. बोलावल्याबिगर येऊ नको."

"आन माझ्या गायी?"

"तिकडं पानी कमी आहे. नांगराची ढोरं वाचली पाहिजेत, नाही तर गाव उपाशी मरते. तुझ्या गायी दुधावर आहेत, घरी लेकरं आहेत. राहू दे इथं. मी पाहीन त्याहीकडं."

लहानूनं एकदा आपल्या घराकडे पाहिलं. मग "बरं जी" म्हणाला आणि गेला.

ते 'पाहीन' मामाजींनी खरंच पाळलं. लहानूच्या गायी आमच्या आवारात वेगळ्या बांधल्या. ते स्वतः पेज पाजायचे, तोंडातले फोड धुवायचे. गोंदियाहून ढोर डॉक्टर आला तोपर्यंत गायींना लागण झाली होती. तो म्हणाला, लस चांगल्या जनावराला टोचायची असते, आजारी पडल्यावर तिचा काय उपयोग. एक एक करून गायी गेल्या. प्रत्येकीला मामाजींनी खड्डा खणून पुरलं, गड्याला हात लावू दिला नाही. शेवटी एक वासरू उरलं होतं. मामाजींना त्याला मांडीवर घेऊन पेज पाजताना मी न्हाणीच्या आडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तेही गेलं.

मिरगाच्या आधी साथ ओसरली आणि लहानूला निरोप गेला. तो परत आला त्या दिवशी सगळा गाव आखरावर लोटला. ज्यांचे बैल वाचले ते रडत होते, बैलांच्या गळ्यात पडत होते. आम्ही बायका आरत्या घेऊन गेलो होतो. लहानू आधी आपल्या घरी गेला आणि तिथून परत आखरावर आला.

"पटेल, गायी?"

"गेल्या," मामाजी म्हणाले.

"समद्या?"

"समद्या. वासरू बी."

"तुमी पाहीन म्हनलं होतं."

"हो. पाहिलं. वाचवता नाही आलं मले."

लहानूनं मान हलवली. एक हेला, चांगला थोराड रेडा, दावं तोडून बायकांच्या अंगावर जात होता, त्याला त्यानं धरलं आणि ज्याचा होता त्याच्या हाती दिला. मामाजी तिथून निघाले ते बोडीच्या पारीवरून चालतच राहिले. त्या रात्रीपासून त्यांचं जेवण आणखी कमी झालं.

पुढे सरकारची मदत आली. ज्यांची जनावरं मेली त्या शेतकऱ्यांना नवीन बैल घ्यायला रक्कम मिळणार, परत फेडायची नाही. शेतं पडीक राहिली तर सारा कोण भरणार, म्हणून मदत, असं आमचे हे म्हणायचे. वाटप करायला नायब तहसीलदार गावोगाव फिरत होते. जबलपूरकडचे होते, हिंदी बोलायचे. गोरा वर्ण, थकलेला चेहरा. आमच्या सपरीत ते खाटेवर बसले, कारकून सतरंजीवर, आणि गाव अंगणात. मी आणि आत्याबाई दाराच्या आड.

नायब साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं, "जो खेती करता है, उसी को मिलेगा. और पटेल, मैं तुम्हारी ज़बान पर दे रहा हूँ. एक भी झूठ निकला तो पूरे गाँव का रोक दूँगा."

"बराबर है, साहेब," मामाजी म्हणाले.

एकेक माणूस पुढे येऊ लागला. नायब साहेब मामाजींकडे पाहायचे, मामाजी "हाँ" किंवा "नहीं" म्हणायचे. त्यांच्या चुलतभावानं दोन बैल मेले म्हणून सांगितलं. मामाजी म्हणाले, "एक मरा. दूसरा पिछले साल बेचा." चुलतभाऊ खाली मान घालून मागे सरला. नायब साहेब पहिल्यांदा हसले. आता त्यांचा मामाजींवर पक्का भरवसा बसला होता, हे आम्हाला आतूनही दिसत होतं.

सगळे संपले. लहानू अंगणाच्या कडेला, पिंपळाखाली उभा होता. तो पुढे आलाच नाही. साहेब उठायला लागले तेव्हा मामाजी म्हणाले, "साहेब, एक बाकी है," आणि त्यांनी हात करून लहानूला बोलावलं.

"ये कौन?"

"लहानू. इसकी सब गायें मर गयीं."

"गायकी है ना? खेती करता है?"

मामाजी खांबाजवळ उभे होते. फिरत नव्हते. "करता है," ते म्हणाले. "मेरा कुळ है. बोडीच्या खालची बांधी इसके पास है."

सगळ्या गावाला ठाऊक होतं की खालची बांधी आम्ही कसतो. बोडीला लागून असल्यामुळे तिला पाणी कधी कमी पडत नसे. घरातली ती सर्वांत चांगली जमीन, आणि वाटणीत ती माझ्या नवऱ्याला द्यायची असं ठरलेलं. माझा नवरा दुसऱ्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं मान वळवून बापाकडे पाहिलं. आत्याबाईनं माझं मनगट धरलं.

नायब साहेबांनी लहानूला विचारलं, "क्यों रे, बांधी जोतता है?"

लहानूनं तोंड उघडलं. "नाही जी, मी त..."

"लाजते तो," मामाजी मध्येच म्हणाले. "बांधी छोटी है, इसलिये शरमाता है."

साहेबांनी एकदा लहानूकडे पाहिलं, एकदा मामाजींकडे, एकदा अंगणातल्या लोकांकडे. चुलतभाऊ बसला होता. त्यानं एक शब्द बोलायचा अवकाश होता. नुकताच त्याचा अपमान झालेला. मी दाराची चौकट धरून उभी होते. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला आणि काही बोलला नाही. साहेबांनी कारकुनाला मान हलवून खूण केली.

साहेब गेल्यावर लोक झपाट्यानं पांगले. लहानू तेवढा थांबला.

"पटेल, खोटं काऊन बोलले?"

"तुझ्या गायी माझ्या भरवशावर होत्या म्हून."

"पन मले बैल कायले? मले गायी पाहिजे."

"गायी सरकार देत नाही. बैलच देते."

"मंग ते बैल जुंपू कोठी?"

मामाजींनी बोडीकडे हात केला. "खालच्या बांधीत. आजपासून ती तुझी. मी बोललो ना."

लहानू त्यांच्याकडे पाहत राहिला. तो कधी माणसाकडे इतका वेळ पाहत नसे. "मले नको जी ते," म्हणाला आणि निघून गेला.

आमच्या घरी त्यानंतर काय झालं ते सांगायला नको. आत्याबाई म्हणत होती, "बोलले खोटं, भल्यासाठी बोलले. देव माफ करीन. पन त्यासाठी जमीन देऊन टाकतेत का कोनी?" मामाजी एवढंच म्हणत, "साहेबानं माझ्या शब्दावर दिलं. तो शब्द खरा करा लागते." माझे हे ताटावर बसले होते. ते बापाला म्हणाले, "शब्द तुमचा, बांधी माझी." आणि ताट सोडून उठले. या वेळी ते दोन दिवसांत बोलते झाले नाहीत. ते गोंदियाला गेले आणि एका धानाच्या गिरणीत कामाला लागले. मला म्हणाले, फुलचूरला ये, तुझ्या बापाकडे राहू. मी गेले नाही, पण जायचंही होतं. रोज सकाळी वाटायचं आज निघावं. रोज आत्याबाईकडे पाहून राहायची.

इकडे गोरेगावच्या बाजारातून लहानूच्या दारात सरकारी मदतीची बैलजोडी आली. मामाजींनी त्याला हाताला धरून बांधीवर नेलं. लहानू इतका वाईट शेतकरी निघाला की गाव हसून हसून थकला. त्याला बैलांना मारवत नव्हतं. बैल थांबले की तोही थांबायचा, त्यांच्या मानेखाली खाजवत बसायचा. चिखलणी अर्धी राहिली, परे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडायला आले. मामाजी शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून ओरडायचे, "हान ना रे त्याले." लहानू म्हणायचा, "थकले जी ते." शेवटी मामाजीच चिखलात उतरले. मुकद्दम आपल्या गायक्याची बांधी नांगरतो आहे, हे पाहायला लोक उगाच त्या वाटेनं जायचे.

ही बातमी गोंदियाच्या गिरणीत पोचली. रोवण्याच्या दिवसांत एका दुपारी मी भाकरी घेऊन शेतावर गेले, तर खालच्या बांधीत तिघं होते. मामाजी, लहानू आणि माझा नवरा. नवऱ्यानं नांगर धरलेला होता. बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. लहानू मात्र बैलांशी बोलत होता. मी भाकरी धुऱ्यावर ठेवली. माझ्याकडे न पाहता हे म्हणाले, "त्या दोघायच्या हातून बांधी नासून राहिली. पाहवत नाही."

त्या सालचं पीक बरं आलं. पुढच्या वर्षी लहानूनं मामाजींना विचारून बैल विकले, गायी घेतल्या आणि पुन्हा आखरावर जाऊ लागला. बांधी परत घ्या म्हणाला. मामाजी म्हणाले, दिलेली वस्तू मी परत घेत नाही. बरेच दिवस ती ओढाताण चालली. शेवटी लहानूनंच तोड काढली. तो माझ्या नवऱ्याकडे आला. "धाकले पटेल, तुमी कसा. अर्धे धान तुमचे, अर्धे माझे." आणि माझा रागीट नवरा, पटेलाचा पोरगा, गावच्या गायक्याची बांधी अर्धेलीनं कसू लागला. पहिल्या वर्षी लोक टोमणे मारायचे. नंतर लोकांना त्याची सवय झाली.

मामाजींना मात्र झाली नाही. बांधी दिली, शब्द खरा केला, तरी त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. ते म्हणायचे, बोललो तेव्हा तर ते खोटंच होतं ना. नायब साहेबांना सांगायचं राहिलं. साहेबांची बदली झाली, मग लढाई लागली, आत्याबाई गेली. ती गेल्यावर मधलं माणूस उरलं नाही, म्हणून मामाजी आणि मी सरळ बोलायला लागलो. गोंदियाहून कोणी आलं की ते विचारायचे, "ते जबलपूरवाले साहेब कोठी आहेत?" स्वराज्य यायच्या आदल्या वर्षी कळलं की साहेब पेन्शनीत निघाले आहेत आणि गोंदियालाच स्टेशनाजवळ लेकाकडे राहतात. मी माहेरी जायला निघाले होते. मामाजी म्हणाले, "मीही येतो बंडीत."

साहेब ओसरीवर बसले होते. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. मी दाराशी उभी राहिले. मामाजींनी रामराम केला आणि सरळ सांगून टाकलं, "साहेब, उस दिन मैं झूठ बोला."

"किस दिन?"

मामाजींनी गाव सांगितलं, ढोरांची माता सांगितली, लहानू सांगितला. साहेब आठवायचा प्रयत्न करत होते. चांगले होते बिचारे. पण त्यांनी त्या सालात किती गावं पाहिली असतील. ते म्हणाले, "पटेल, मुझे कुछ याद नहीं."

मामाजींचं तोंड उतरलं. मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं. सुगंधाच्या बंडीपासून वासराच्या पेजेपर्यंत. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "अब मैं क्या करूँ, पटेल? अब तो कुर्सी भी नहीं रही."

"कुछ नहीं, साहेब. आपने सुन लिया."

साहेबांच्या सुनेनं चहा आणला. मामाजी चहा पीत नसत, त्या दिवशी प्याले.

मला सोडायला ते फुलचूरला आले. दारापर्यंत आले, आत येईनात. ऊन उतरत होतं आणि परतीची वाट लांब होती. माझा भाऊ त्यांच्या बैलांना पाणी दाखवत होता. मामाजी बंडीचं जू चाचपत उभे होते. एकदम म्हणाले, "फुलचूरवाली, साहेबाले काही याद नाही. लहानूले जमीन नको होती. तुह्या सासूले शेवटपर्यंत पटलं नाही. तुले काय वाटते? बराबर केलं का मी?"

"बराबर केलं, मामाजी," असं म्हणता आलं असतं. त्यांनाही बरं वाटलं असतं. पण त्या माणसासमोर ते तोंडातून निघेना.

"लहानूसाठी बराबर केलं," मी म्हटलं. "पन ती बांधी आमाले पाहिजे होती, मामाजी. आजही पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा मोकळा झाला. "हो," म्हणाले. "पाहिजेच होती. चांगली बांधी आहे ते."

मग बंडीवर चढले, कासरा हातात घेतला आणि माझ्या भावाला म्हणाले, "डावा बैल जरा लंगडून राहिला. सावकाश जातो." बंडी गोरेगावच्या रस्त्याला लागली. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी ती थांबवलेली मला दिसली. ते खाली उतरले, वाकून डाव्या बैलाचा खूर हातात घेतला, त्यात रुतलेला खडा काढून रस्त्याच्या कडेला फेकला, आणि मग बंडीवर न चढता बैलांच्या बाजूनं चालत निघाले.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. मी माहेरून परतायच्या आधीच ते गेले. लहानूनं खांदा दिला, असं हे सांगत होते.